फ्लेक्सच्या कोपऱ्यातला नंबर

चहा घ्या निवांत, पण फ्लेक्स छापायच्या धंद्यात कुणी पडू नका. गारखेड्यात आमचं तेच दुकान. दुष्काळाच्या त्या साली काम थंडच होतं, तेवढ्यात ओळखी जुळवणाऱ्या कुठल्याशा ॲपची मोठी ऑर्डर आली. मजकूर होता, ‘लग्न झालंय, तरी एकटे आहात? आजच संपर्क करा.’

मी जाहिरातवाल्याला म्हणाले, “दादा, हे लोकांचे संसार मोडायचं काम हाय.”

तो म्हणाला, “मॅडम, एकटं आपण थोडंच केलं? ते आधीच एकटे आहेत.”

छापलं. आणि सवयीनं खाली कोपऱ्यात आमच्या दुकानाचा मोबाइल नंबर टाकला. झालं, लोक ॲप सोडून मलाच फोन करायला लागले. मी एकेकाचा असा उद्धार केला की विचारू नका.

मग पडेगावातून एका म्हाताऱ्या माणसाचा फोन आला. “ताई, तुमची पाटी वाचली. माझं लग्न झालंय, आन मी एकटाच हाय.”

“या वयात लाज वाटत नाय का, आजोबा?”

“लाज कशाची? इथं पाणी नाय म्हणून पोरानं आमच्या मंडळीला पुण्याला नेलं. मी घर राखतोय. तिला परत आणायची सोय हाय का तुमच्याकडं?”



पुढं कॉलनीतल्या बायांनी आरडाओरडा करून ते फ्लेक्स उतरवायला लावले. बरंच झालं. त्याच संध्याकाळी आजोबांचा फोन.

“ताई, पाटी काढली व्हय?”

“काढली, आजोबा. वाईट होती ती.”

“असंल. पण मी हाय तसाच हाय.”