वास गेला म्हणून

नौपाड्यातल्या दवाखान्यात मालन नंबराची वाट बघत बसली होती. समोरच्या बाकावर दोन कामगार बोलत होते. त्यांच्या तोंडी डोंबिवलीच्या रंगाच्या कारखान्याचं नाव आलं तशी तिने मान वर केली. तिचा नवरा गुणाजी तिथल्याच टाकीत गुदमरून गेला होता.

"अजून दम लागतो का रे?"

"जिना चढलो की लागतो. मी अर्ध्यावरनं वर आलेलो, म्हणून वाचलो."

"पण वास नाही आला तुम्हाला?"

"आधी आला ना, सडक्या अंड्यासारखा. मग येईनासा झाला. साहेब वरनं ओरडला, वास गेला म्हणजे गॅस गेला, उतरा खाली."

"आणि गॅस तसाच?"

"तसाच. आमचं नाकच मेलेलं. हे आता डॉक्टर सांगतात."

"कंपनी तर म्हणते, गुणाजी न विचारता उतरला."

"कसला न विचारता! कमरेला दोर बांधा, मगच उतरतो, म्हणत होता तो. साहेब म्हणाला, घाबरतोस काय एवढा?"

"चौकशीत सांगितलंस हे?"

"अरे, मला अजून तिथेच काम करायचंय."

मालन उठून त्याच्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, मी गुणाजीची बायको."

तो गडबडून उभा राहिला. "वहिनी…"

"चौकशीत नका सांगू. माझ्या सासूला तेवढं घरी येऊन सांगा. पोराने आगाऊपणा केला म्हणून ती त्याच्या फोटोकडेही बघत नाही. आम्ही आता दिवा स्टेशनजवळ राहतो."

"येतो वहिनी. नक्की येतो."

पत्ता मात्र त्याने विचारला नाही.