काय नाय, निस्ता गवात हाय

सही? सही मागायला आलात तर आत या आधी — नाही, चपला बाहेर. आत्ताच पुसून घेतलंय. त्या दिवशी खाडीवर काही तुमचे बूट निघाले नाहीत, इथं तरी काढा. बसा. चहाचं विचारत नाही. वर्षभर तुम्हाला भावोजी म्हणत आले, तुम्ही वर राहता, मी खाली, तुमची वसुंधरा तर मला धाकट्या बहिणीसारखी — तिचा चहा या घरात केव्हाही आहे. पण आज तुम्ही कंपनीचा कागद घेऊन आलात, म्हणजे आज तुम्ही साहेब. साहेबांना चहा ऑफिसात मिळतो. आणि जरा हळू बोला, पोरगा आतल्या खोलीत आहे, सुशांत. नोकरीचा अर्ज लिहितोय. दोन वर्षं झाली, अर्जच लिहितोय.

आणा तो कागद. चष्मा कुठं गेला — हा. वाचता येतं हो मला, सातवी झालेय. "नियोजित जेटीच्या जागी ओहोटीच्या वेळी समक्ष पाहणी केली असता, खाडीच्या तळाशी काही नाही, असे स्थानिक मासे विक्रेती चंद्रावती हिने श्रीमती सुमती यांच्या समक्ष सांगितले." वा. दोन-दोन वेळा समक्ष. आणि खाली माझ्यासाठी रेघ मारून ठेवलीय. चंद्रावतीचा अंगठा कुठाय? नाही दिला ना तिनं? टोपली उचलून चालती झाली असणार. म्हणून मग ही आठवली, खालची, बोलकी — हिला काय, दारात उभं राहिलं की करेल सही. ही सही झाली की कागद परवानगीच्या फायलीत, आणि सोमवारी खांब ठोकायचं मशीन खाडीत. कोण म्हणालं म्हणजे? वसुंधराच म्हणाली. बायका बोलतात हो जिन्यात, त्याचा पंचनामा नसतो.

काही नाही! अहो साहेब, एवढे शिकलेले तुम्ही, तुम्हाला आपली भाषा कळत नाही? शेजारीण विचारते, काय केलंय गं आज — आपण काय सांगतो? काही नाही, नुसता वरणभात. म्हणजे काय, स्टोव्ह पेटलाच नाही? घरातली माणसं उपाशी निजली? "काही नाही" हे आपण सुरुवातीला म्हणतो, खरं काय ते पुढं येतं. तुम्ही विचारलंत, तळाशी काय आहे विचारा तिला, खडक, बुडालेली होडी, काही आहे का. ती म्हणाली, "काय नाय, निस्ता गवात हाय." तुम्ही "काही नाही" एवढंच टिपलंत आणि वही मिटलीत. पुढचा वरणभात गेला कुठं?

ते गवत तुम्ही पाहिलंयत तरी का? मी पाहिलं. मागच्या बुधवारी चंद्रावती आली, मी म्हटलं, कोलंबी दे गं — तर म्हणाली, आज कोलंबी नाय, आज तुला कोलंबीचा घर दावते. आणि घमेल्यातून चिखलाचा एक गड्डा काढून माझ्या परातीत ठेवला, वर खाडीचं पाणी ओतलं. मी ओरडलेच, अगं माझी परात! ती म्हणाली, गप बघ. चिखल बसला खाली. मग दिसली पानं — नखाएवढी हो, मेथीला कोंब फुटतात ना तशी, दाटीनं. आणि त्यातून काहीतरी हललं. कोलंब्या, काचेच्या असाव्यात तशा, डोळे तेवढे काळे. मसुराएवढी चिंबोरी. बोयट माशाची पिल्लं सुईसारखी, या पानातून त्या पानात. ती म्हणाली, "सुमतीबाय, गवात हाय म्हून बारीक म्हावरा हाय. बारीक म्हावरा हाय म्हून जिताडा येतो." तुम्ही गेल्या गटारीला त्याच जिताड्याचे चार तुकडे बोटं चाटून खाल्लेत माझ्या हातचे, आठवतंय? तो कुठून आला होता? त्याच "काही नाही"तून. चंद्रावतीनं पागेचं जाळं फेकून धरला होता, तिथंच, गुडघाभर पाण्यात. तिच्याकडं होडी नाही. नवरा गेल्यापासून तेवढाच तुकडा आहे तिला, पायी जाता येईल असा. तिथं तुम्ही खांब ठोकणार, मग ती कुठं जाणार, तुमच्या ऑफिसात?

हां, आता म्हणाल खांब किती, पंधरा-वीस, बाकी गवत आहे तिथंच राहील. राहील का? मागच्या दारी चला, दाखवते. तुम्ही बाल्कनीवर पत्रा टाकलात गेल्या दिवाळीला, मी काही बोलले? शेजारी आहे, ऊन लागत असेल म्हटलं. माझ्या तुळशीला कोणी हात लावला नाही, पाणी रोज आहे, माती तीच — आणि तुळस गेली. नुसत्या सावलीनं गेली. काडी उभी आहे बघा. आता तुमची जेटी म्हणजे केवढा पत्रा, आणि खालचं ते नखाएवढं गवत, त्याला गढूळ पाण्यातून मुळात ऊन मिळतं ते किती.

जेटी नको असं कोणी म्हणतच नाही. चंद्रावतीसुद्धा म्हणत नाही. ती म्हणते, जुन्या धक्क्याकडं सरका, दोनशे पावलं, तिथं खाली दगडगोटे, होड्या घासून घासून तिथं काही उगवत नाही. आणि तुम्हालाही ते माहीत होतंच की, नकाशावर तुम्हीच तर तिथं लाल पेन्सिलीनं चौकोन काढलाय, मग त्यावर फुली मारून शेजारी लिहिलंय, "रस्ता लांब पडतो" —

मला कसं ठाऊक? कसं म्हणजे... किल्ली आहे ना तुमची माझ्याकडं. तुम्ही नाशिकला लग्नाला गेला होतात, कुंड्यांना पाणी घालायला मी वर येत होते, नकाशा टेबलावर उघडाच होता. बरं, उघडा नव्हता. गुंडाळी होती, रबर होतं. निघालं रबर. माझी सवय वाईट आहे, कबूल. पण माझ्या सवयीनं कोणाचं घर बुडत नाही, साहेब, तुमच्या फुलीनं बुडतंय. ट्रकांना रस्ता लांब पडतो म्हणून!

आणि माझ्यावर काय डोळे वटारता? मी काय केलं? चंद्रावती माझ्या ओळखीची म्हणून तुम्हीच मला नेलंत, मी आपली मधे उभी होते. तुम्ही बांधावर, बूट चिखलात जातील म्हणून एक पाऊल पुढं नाही. चंद्रावती तिकडं पार पाण्यात. मी मधोमध, साडी खोचून, इकडचं तिकडं ओरडत. वारा असा की आपलं आपल्याला ऐकू येईना. ती काय म्हणाली ते अर्धं वाऱ्यावर गेलं, मला जेवढं ऐकू आलं तेवढं मी सांगितलं, "काही नाही म्हणतेय ती!" बस. त्यात माझं काय चुकलं? ती "गवात हाय" म्हणाली तेव्हा तर हातानं दाखवतही होती, असा हात फिरवून, इथून तिथपर्यंत सगळं —

...

काय म्हणालात?

नाही, म्हणा ना परत. ऐकलं होतं, हात फिरवलेला पाहिला होता, तर सांगितलं का नाही, असंच ना?

चपलेचा अंगठा तुटला होता माझा. चिखलात रुतून. आणि गवत म्हणजे काय, त्यात एवढं ओरडून सांगण्यासारखं काय, असं मला वाटलं... नाही. असं नाही वाटलं. उगाच कशाला. जाताना रिक्षात तुम्ही म्हणाला होतात — आठवतंय ना, की तेही लिहून ठेवलं नाहीत? — "वहिनी, जेटीचं काम सुरू होऊ द्या एकदा, स्टोअरकीपर लागणारच आहे, सुशांतचं नाव मी सांगतो." काम सुरू होऊ द्या. तेवढंच होतं डोक्यात. तिनं हात फिरवला, आणि मला वाटलं, आता हे गवत सांगितलं की हे उतरतील, बघतील, मोजतील, काम लांबेल. आणि मी तुमच्याकडं तोंड करून ओरडले. अर्धं. पाठीमागं ती चिखलात तशीच उभी, माझ्यावर भरवसा टाकून. आणि त्यानंतरही दर बुधवारी येते हो. माझ्या पायरीवर बसते, पाणी पिते माझ्या तांब्यातून. अजून तिला वाटतं की तुम्हीच चुकीचं लिहिलंत.

द्या ते पेन. द्या म्हणते ना! सही पाहिजे ना तुम्हाला? करते सही. थांबा, कागद ओढू नका, फाटेल, मग दुसरा टाईप करायला लागेल, सोमवार हुकेल. या रेघेच्या वर जागा आहे बरीच. माझं अक्षर वळणदार नाही, पण लागतं. "काय नाय, निस्ता गवात हाय." तिचं जसंच्या तसं. आणि खाली — "हे मी ऐकले होते. सांगताना गाळले." गाळलेचा ळ बरोबर आहे ना? आणि ही सही. घ्या. समक्ष.

उद्या दुसरा कागद कराल? करा. दुसऱ्या कागदावर माझी सही नाही. आणि उद्या सकाळी मी कोळीवाड्यात जाणार आहे चंद्रावतीकडं, तिला सांगायला की कोण चुकलं. मग ती काय करायचं ते करो. बोलेल, नाही तर पायरी सोडेल. पण अंगठा मात्र तुम्हाला देणार नाही.

सुशांतचं? सुशांतचं नाव खोडून टाका तुमच्या वहीतून. नाही, हळू नाही बोलणार आता. ऐकू दे त्याला.

ही तुमची किल्ली. वसुंधरेला म्हणावं, कुंड्यांचं दुसऱ्या कोणाला सांग. उठा. चपला बाहेर आहेत.

दार ओढून घ्या.