आईचा नमुना

(भिवंडी, दुपार. तपासणी केंद्रात समुपदेशक दिपाली आणि अकलोलीच्या सीताबाई. त्यांचा मुलगा सागर बाहेर बाकावर.)

सीताबाई : पुन्हा रगत घ्या. मशीन चुकलं असंल.

दिपाली : दोनदा घेतलं, मावशी. लघवीही तपासली. सागरच्या डोळ्यांचा दोष ज्या डीएनएत आहे, तो फक्त आईकडून येतो. लॅबवाले तो अक्षर-अक्षर वाचतात. सागरचं एक अक्षर बदललंय. तुमचं नाही.

सीताबाई : म्हंजे मी चांगली?

दिपाली : हो. पण तुमची बाकीची अक्षरंही त्याच्याशी जुळत नाहीत. म्हणून त्याला बाहेर बसवलं.

सीताबाई : दार लाव, बाय.

दिपाली : लावलंय.

सीताबाई : नणंदेचा हाय तो. चंद्राचा. बाळंतपणातच गेली. तिची थोरली लेक मेघाली बापानं ठेवली. याला कोन बघनार? माझं पोर आठ दिवसांपूर्वी गेलेलं, दूध होतं. पदराखाली घेतला. तुमच्या कागदावर ‘आई’ होतं, मी माझं नाव दिलं. दुसरं कुनाचं देऊ?

दिपाली : सागरला माहीत नाही?

सीताबाई : सव्वीस वर्सं गावानं तोंड उघडलं न्हाय. बाय, येक कर. दोष माझ्यात लिव. लोकं मला बोलतील, बोलू दे.

दिपाली : खोटं लिहिता येत नाही, मावशी. आणि मेघाली?

सीताबाई : तिचं काय?

दिपाली : दोष तिच्यातही असणार, तिच्या मुलांतही. तंबाखू-दारूनं हा दोष उफाळतो; आत्ता कळलं तर त्यांना त्यापासून लांब ठेवता येईल, डोळे तपासत राहता येईल. सागरच्या वेळी कुणाला ठाऊकच नव्हतं.

सीताबाई : राहनाळच्या गोदामात भलत्याच खोक्यांवर चिठ्ठ्या लावत होता. शेठनं काढला, तवा कळलं दिसत न्हाय म्हून. मेघालीची तर दोन लेकरं हायत गं.

दिपाली : तिला सांगायचं तर आधी सागरला कळायला हवं. मी सांगू?

सीताबाई : नको. डोळे गेले त्याचे, आता आईबी जानार. ते तरी माझ्या तोंडून ऐकू दे. बोलव.

दिपाली : सागर, आत या. डावीकडे खुर्ची आहे.

सागर : आई, बसलीस ना? काय आला तुझा रिपोर्ट? तुझ्यात पण निघालं का? मघापासून जीव थाऱ्यावर नाय माझा.

सीताबाई : न्हाय रे. चांगला आलाय. बस, त्येच सांगायचंय तुला.