काडतुसातलं माप

आपली भाषा इथे कुणाला कळत नाही असं धरून चारचौघांत खुशाल बोलणारी माणसं सुप्रभाबाईंच्या डोक्यात जात. टोकियोतल्या हिगाशी-कसाई भागातल्या दवाखान्यात शेजारी बसलेले दोघे तसेच निघाले.

“हेमचंद्र, रायफलची काडतुसं तू घरी भरतोस?”

“परवाना आहे रे. भूकंपानंतर ओस पडलेल्या गावांत रानडुकरं मारायला जातो. संपतच नाहीत. थकलो आता.”

“दारू किती घालायची, ते कसं कळतं?”

“नेटवर एकाने आकडा टाकलाय.”

“कोणी?”

“नाव नाही दिलं त्याने.”

“बंदुकीची दारू बनवणाऱ्या कंपनीचं मापांचं पुस्तक असतं ना?”

“त्यात माझ्या गोळीचा आकडा नाही. मग नेमबाजीच्या क्लबातल्या म्हाताऱ्या मोरिता-सानना विचारा, तासभर व्याख्यान ऐका. कंटाळा येतो.”

“आणि जास्त झाली तर?”

“रायफल तोंडावर फुटते.”

“युनिव्हर्सिटीच्या लॅबमध्ये पोरांकडून आकड्या-आकड्याचा संदर्भ मागतोस तू.”

“तिथे अंगात जोर असतो. उद्या भरून टाकतो.”

सुप्रभाबाई हेमचंद्रकडे वळल्या.

“मी चौथी नापास आहे, बाळा. इथली औषधाची बाटली दोघांना विचारल्याशिवाय उघडत नाही. तुझा शिकून तोटाच झाला. उद्या काही भरू नकोस, आधी त्या म्हाताऱ्याचं ऐकून ये.”