सख्ख्या भावाला जागेवर दंड

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, घातक पदार्थ तपासणी विभागातील अधिकारी आणि कर्मचारी, बाजारातून आवर्जून आलेली व्यापारी मंडळी आणि आजच्या सत्कारमूर्ती, आमच्या ताई,

मी ताईंच्या धाकट्या भावाची बायको. साहेबमंडळींनंतर घरच्या माणसालाही दोन शब्द बोलायचा मान दिलात, हा विभागाचा मोठेपणा.

आमचं साफसफाईच्या सामानाचं दुकान. फिनेल, ब्लीचिंग पावडर, फरशीचं ॲसिड. ताई ह्याच विभागात तपासणी अधिकारी. पूर्वी त्यांच्या हातात फक्त नोटीस असायची. तारखा पडत राहायच्या आणि धोका जिथल्या तिथे! मग जागेवर दंड करायचा अधिकार आला. बाजारात कुजबुज सुरू झाली, "बघू या, बाई भावाच्या दुकानात पाय ठेवते का."

ठेवला. अगदी पहिल्याच फेरीत! मी गल्ल्यावर होते. "या ताई, चहा टाकते," म्हणेपर्यंत त्यांची नजर फळीवर गेली. तिथे पाण्याच्या बाटल्यांत भरलेलं सुटं ॲसिड, शेजारीच ब्लीचिंग पावडर. लेबल नाही, काही नाही.

"बाळू, हे काय?"

"अगं, गिऱ्हाइकाला ठाऊक असतं. उद्या बदलतो."

"आणि आज कुणी पाणी समजून तोंडाला लावलं तर?"

"ताई, मी तुझा भाऊ आहे!"

"माहीत आहे. लहानपणी तुला पाणी मीच पाजलंय," म्हणाल्या, आणि पावती फाडली.

दारात शेजारचे दुकानदार उभे. ह्यांचा चेहरा काळाठिक्कर पडला. दंड भरला आणि म्हणाले, "आता माझ्या घराची पायरी चढू नकोस."

ताईंच्या जिवाला काय वाटलं असेल? पण सगळं नीट लावून होईपर्यंत त्या हलल्या नाहीत. ॲसिड लेबल लावलेल्या जाड कॅनमध्ये गेलं, कॅन खाली जमिनीवर खोल ट्रेमध्ये आणि ब्लीचिंग पावडर मागच्या खोलीत. "ही दोन एकत्र आली की विषारी वायू होतो गं," मला हळूच म्हणाल्या. मग गेल्या, चहा न घेताच.

पुढे कितीतरी महिने बहीणभावांत अबोला. मी मधल्या मध्ये. आणि एके दुपारी ती वरची फळीच कोसळली! खालचा कॅन फुटला, ॲसिड ट्रेमध्ये सांडलं. पावडर भिंतीपलीकडे सुखरूप. हे हातभर अंतरावर उभे होते. आधीसारखं सगळं एकाच फळीवर असतं तर? नको, तो विचारसुद्धा नको.

हे बाहेर येऊन पायरीवर बसले आणि पहिला फोन ताईंना केला. "ताई, मी धडधाकट आहे गं," एवढंच बोलले आणि हुंदका फुटला. ताई धावत आल्या. भावाला पोटाशी धरलं, डोळे पुसले, आणि लगेच विचारलं, "ही फळी कुणी ठोकली होती?" हसू नका, त्या तशाच आहेत!

त्यानंतर बाजारात कुणी त्यांना ओळखीपाळखी सांगितल्या नाहीत. सख्ख्या भावाला न सोडणाऱ्या बाईपुढे वशिला कुठला चालणार? आज गल्लीत एकही बिनलेबलाची बाटली दिसत नाही, ही ताईंची कमाई.

हे समोर तिसऱ्या रांगेत बसलेत. बोलायला उभे राहा म्हटलं, तर म्हणाले, "मला जमायचं नाही, रडू येईल. तू एवढंच सांग, की ती माझी बहीण आहे." तर मंडळी, सांगितलं.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. घरातलं बोलणं सभेत आणलं, मानपान सांभाळताना कुठे उणं पडलं असेल, तर आपलं माणूस समजून माफ करा. नमस्कार.