रुमालाखाली सोडलेली दोन बोटं

मंडळी, आधी सांगा — जामीन कुणाकडून घ्यावा? परक्याकडून ना? आपल्या माणसाकडे कसा मागायचा! बरं. मग भिवाजी दरेकरांची गोष्ट ऐका.

शिरसपेठेत हळदीचा बाजार. पीक शेतात असतानाच सौदा व्हायचा — रुमालाखाली हात घालून, बोटं दाबून. पण फाल्गुनात भाव पडला, की घेणारा गायब. भाव चढला, की विकणाऱ्याची हळद उंदीर खायचे! हळद खाणारा उंदीर पाहिलाय कुणी?

म्हणून भिवाजी मधे उभे राहिले. "विकणाऱ्याचं गिऱ्हाईक मी, घेणाऱ्याला विकणाराही मी." दोघांकडून जामिनाला ज्वारीची पोती घ्यायचे. भाव ज्याच्या उलट जाईल, त्यानं पुढच्या बाजारी आणखी आणायची. कुणी बुडालाच, तर आधी त्याची पोती, मग भिवाजींचं स्वतःचं, आणि तरी कमी पडलं तर सगळ्यांची थोडीथोडी.

त्या साली भाव घसरला. व्याही रखमाजी घेणारे. भिवाजींनी रुमालाखाली दोन बोटं दाबली — दोन पोती आणा.

रखमाजी हसले. "माझी लेक तुमच्या घरात आहे, व्याही. आणखी कसला जामीन?"

भिवाजी विरघळले. बोटं मागे घेतली. रुमालाखाली कोण बघतंय? दुसऱ्या बाजारीही तेच.

तिसऱ्या बाजारी रखमाजींच्या दुकानाला कुलूप. म्हणे काशीला गेले. भाव पडला की भक्ती कशी चढते बघा!

त्याच सौद्यातल्या विकणाऱ्या येसूबाई चाळीस पोती हळद घेऊन हजर.

"रखमाजी गेले हो," भिवाजी म्हणाले.

"जाऊ देत. माझा सौदा तुमच्याशी. आणि रुमालाखाली काय सोडलंत, तेही तुमचंच."

सगळी पेठ बघत होती. आज शब्द फिरला, तर उद्या भिवाजींच्या हातात हात कोण देणार? येसूबाईंना ठरलेला भाव द्यायला रखमाजींची ज्वारी विकली, पुरली नाही. मग भिवाजींनी आपलं लाडकं घोडं विकलं. बाकीच्यांच्या पोत्यांना हात लागला नाही. स्वारी घरी चालत.

सूनबाईनं विचारलं, "मामंजी, घोडं कुठंय?"

"तुझ्या वडिलांबरोबर काशीला गेलं."

महिन्यानं रखमाजी गंगाजल घेऊन आले. भिवाजींनी ते डोक्याला लावलं, रुमाल बाजूला टाकला आणि भर बाजारात चार बोटं वर केली.

"आधी पोती, व्याही. मग पंगत."

हसताय? बाहेर चपला कुणाच्या भरवशावर ठेवल्यात? सगळे ओळखीचेच, नाही का? माझे जोडे या मृदंगवाल्या दाजींपाशी आहेत. सख्खे मेहुणे माझे! — म्हणून त्यांची छत्री माझ्या मांडीखाली आहे.