नाईस म्हणे, नाईस

...नाही, तुम्हीच सांगा मले, शब्दानं एका जागी राहाव का नाही? गावाले रामाकोना म्हटलं की रामाकोना, उद्या सकाळी उठून त्याचं बोरगाव होते का? पण या इंग्रजीचं... तुम्हाले सांगतो, मले शिसारी आली त्या भाषेची, अन् त्यातल्या त्यात एका शब्दाची. नाईस म्हणे. थू!

झालं काय, आमची कुसुम. मोठी पोरगी. आम्ही सौंसरले राहातो, ती रामाकोन्याच्या बालवाडीत शिकवाले जाते, सकाळच्या गाडीनं गेली की दुपारी येते, हुशार हाये अन् कोणाचं उगाच ऐकून घेणारी नाही. तिले पाहाले लोधीखेड्याचे पाहुणे आले. पोट्टा मुकुंद, बिजली खात्यात लाईनमन, नोकरी पक्की, माणसं आपल्याच समाजातली. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे झाले, संत्र्याच्या फोडी झाल्या, पण पोट्टा असा बसून होता का जसं कोणी त्याले खुर्चीले बांधून ठेवलं. कुसुम चहा घेऊन आली, समोर बसली. त्याचा मामा म्हणे का बाबू, काही विचाराचं असंन तं विचार. फेब्रुवारीचा महिना, अन् त्या पोट्ट्याले घाम! त्यानं रुमालानं मान पुसली, जमिनीकडं पाहिलं, अन् म्हणते कसा,

"नाईस."

बस. त्याच्यापुढं एक अक्षर नाही. मले तं बरं वाटलं बाप्पा. मी नगरपालिकेच्या नाक्यावर बसणारा माणूस, मले वाटलं पोट्टा शिकलेला हाये, इंग्रजीत पसंती देऊन राहिला. यमुनानं, म्हणजे माह्या बायकोनं, पदरानं डोळे बी पुसले. पाहुणे म्हणाले तुमचा निरोप येऊ द्या, अन् गाडीले गेले.

आता इथं आमचा साळा. गुणवंता. पांढुर्ण्याचा. नागपूरले राहून इंग्रजी घेऊन बी. ए. झाला, आमच्या दोन्ही घरांत पहिला. झाला तेव्हा पेढे मीच वाटले, आपल्या माणसानं शिकाव म्हणून आपण जीव टाकतो का नाही? पण पांढुर्ण्याची गोटमार, नदीच्या दोन काठांवरून एकमेकाले दगडं मारतात ती, वर्षातून एकदा असते, या माणसाची बारा महिने चालू. पाहुणे फाटकाबाहेर गेले नाही तं उरलेले पोहे खाता खाता म्हणते,

"भाऊजी, त्यानं आपल्या पोरीले मूर्ख म्हटलं."

मी म्हटलं, काय? तं म्हणे हा शब्द मूळचा लॅटिन, तिथून गेला फ्रेंचमध्ये, तिथून आला इंग्रजीत, अन् त्याचा असली मतलब अडाणी, ज्याले काही समजत नाही तो. आमच्या प्रोफेसरानं वर्गात सांगितलं होतं म्हणे. आता लोधीखेड्याच्या लाईनमनले लॅटिन कोण शिकवणार? हे मले आज समजते. तेव्हा माह्या डोक्यात एकच, का माह्या घरात बसून, माहे पोहे खाऊन, माह्या पोरीले... नाईस म्हणे, थू!

दुसऱ्या दिवशी लोधीखेड्याचा एक भाजीवाला नाक्यावरून चालला होता, त्याच्याजवळ निरोप धाडला का आमची पोरगी मूर्ख नाही, तुम्ही दुसरं घर पाहा. घरी येऊन सांगितलं. यमुना रडली. कुसुम रडली नाही. ती एवढंच म्हणे का बाबा, त्याले काय म्हणाचं होतं हे तुम्ही त्याले विचारलं का?

त्या रात्री मले जेवण गोड लागेना. मंग गेलो भगवंतराव गुरुजींकडं, रिटायर हेडमास्तर, म्हटलं हे तरी सांगतील का गुणवंता खोटं बोलून राहिला. तं म्हातारा खुश! गावात त्यांना कोणी इंग्रजीचं विचाराले जात नाही ना. म्हणे गुणवंताचं खरं हाये, पण ते कईक शतकं मागचं. मंग मतलब बदलला, मंग झाला चोचले करणारी. मंग झाला नाजूक. मंग बारीक नजरेची. अन् मधात एक मतलब होता, तो... गुरुजींनी आतल्या खोलीकडं पाहिलं, तिकडं त्यांच्या घरच्या बाई भाजी निवडून राहिल्या होत्या, अन् म्हणे तो राहू द्या. मी म्हटलं, नाही, सांगा. त्यांनी कानात सांगितला. इथं बाया बसल्या हायेत म्हणून मी सांगत नाही, पण माहे कान तापले! अन् एवढं सारं करून शेवटी तो शब्द सुधारला म्हणे, चांगला झाला. अरे, असा इकडं तिकडं तोंड मारून आलेला शब्द आपण घरात घ्यावा? तो बी पोरीच्या पाहण्यात? नाईस म्हणे. थू!

घरी येऊन मी अंगणात थुंकलो तं कुसुम चप्पल घालून उभी. म्हणे चला. म्हटलं कुठी? म्हणे लोधीखेड्याले. मी म्हटलं आपणच निरोप धाडला, आता कोणतं तोंड घेऊन जाव? तं म्हणे तुम्ही मांगं उभे राहा, बोलाचं मी पाहातो.

गेलो बाप्पा. गाडीतून उतरलो तं त्या दिवशी तिथं बाजार, अन् बाजाराच्या मधोमध खांबावर मुकुंद. कमरेले पट्टा, हातात पकड. त्यानं खाली पाहिलं, आम्हाले ओळखलं, अन् उतराच्या ऐवजी, तुम्हाले सांगतो, हातभर वर सरकला! कुसुम खांबाखाली जाऊन उभी राहिली अन् मान वर करून म्हणे,

"तुम्ही मले नाईस म्हटलं. म्हणजे काय म्हटलं?"

वांगे विकणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. तागडीवाल्यानं तागडी खाली ठेवली. मले वाटलं जमीन फाटावी. वरून आवाज आला, लय बारीक.

"जबलपूरले ट्रेनिंग होती. काम चांगलं झालं की आमचे साहेब नाईस म्हणत. मले तेवढंच येते."

"मंग मराठीत काहून नाही बोलले?"

"मराठीत 'आवडली' म्हणा लागलं असतं. तेवढ्या लोकाईत मले ते म्हणता नाही आलं."

कुसुमनं चहूकडं पाहिलं. पुरा बाजार गोळा होऊन राहिला होता. म्हणे, "आज तं त्याहून जास्त लोकं हायेत."

तो खांबाले धरून बसला. मंग म्हणे,

"आवडली."

कुसुम हसली नाही का लाजली नाही. ओढणी नीट केली अन् म्हणे, "मले बी. चला बाबा, गाडी जाईन." मी आपला तिच्या मांगं मांगं निघालो.

एप्रिलमध्ये विहारात लग्न झालं. गुणवंता वरातीत सगळ्यात जास्त नाचला. त्याले काही वाटत नाही.

अन् मंग परवा जावई पहिल्यांदा मुक्कामी आला. यमुनानं भरले वांगे केले, वाढले, अन् विचारलं का भाजी कशी झाली? त्यानं ताटातून मान वर नाही केली. म्हणे, "बरी हाये."

यमुना चुलीजवळ येऊन मले म्हणते, बरी म्हणजे? चांगली का कामचलाऊ? मी हात जोडले. म्हटलं बाई, मी आता कोणत्याच शब्दात पडत नाही, तू आपली अजून वाढून पाहा, घेतली तं आवडली. तिनं वाढली. त्यानं घेतली. पुन्हा वाढली, पुन्हा घेतली. मी म्हटलं, झालं तुह्या मनासारखं?

तं माह्या कानाले लागून म्हणते, "लाजेनं घेऊन राहिला वाटते."